स्टेशनाच्या पुढची वाट

मुंबईहून गुजरातकडे निघालेली गाडी विरार सोडते आणि डब्यातल्या प्रवाशांना एकदम मोकळे आकाश दिसू लागते. खाजणे, तिवरांची रांग आणि मग वैतरणेचे रुंद पात्र. वैतरणा आणि सफाळे या स्थानकांच्या दरम्यान ब्याण्णव आणि त्र्याण्णव क्रमांकाचे दोन पूल आहेत आणि त्या दोहोंच्या मध्ये पाण्याने वेढलेले वाढीव हे गाव आहे. मुंबईला गुजरातशी जोडणारा हा लोहमार्ग १८६४ साली सुरू झाला. गावाच्या डोक्यावरून शतकाहून अधिक काळ गाड्या धडधडत गेल्या, पण गावाला जोडणारा रस्ता मात्र झाला नाही. वर्षानुवर्षे इथली माणसे स्टेशन गाठण्यासाठी रेल्वेपुलाच्या कडेने जीव मुठीत धरून चालत राहिली. या चालण्यात काहींनी प्राणही गमावले. गाडी वेळेवर येते, तिकीट मिळते. संकट उभे राहते ते स्टेशनाच्या पुढच्या मैल-दोन मैलांत.

याच वैतरणेवरून विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात एका तरुणाचे जाणे-येणे झाले. १९१३ च्या जानेवारीत तो बडोदे संस्थानच्या नोकरीवर रुजू झाला होता. थोड्याच दिवसांत वडील अत्यवस्थ असल्याची तार आली आणि तो मुंबईला परत निघाला. वाटेत सुरतेला वडिलांसाठी मिठाई घ्यावी म्हणून तो फलाटावर उतरला आणि तेवढ्यात गाडी सुटली. पुढची गाडी धरून तो घरी पोहोचला तेव्हा सुभेदार रामजी सकपाळ यांच्या आयुष्याचे शेवटचे क्षण उरले होते. २ फेब्रुवारी १९१३ रोजी ते गेले. हा तरुण म्हणजे भीमराव रामजी आंबेडकर.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे चरित्र आपण ग्रंथांच्या, सत्याग्रहांच्या, परिषदांच्या आणि संविधानाच्या अंगाने वाचत आलो आहोत, आणि ते योग्यच आहे. पण हे आयुष्य फार मोठ्या प्रमाणावर प्रवासात गेले. सातारा, मुंबई, न्यूयॉर्क, लंडन, बडोदे, महाड, खानदेश, नाशिक, दिल्ली. या प्रवासांकडे जरा निराळ्या नजरेने पाहिले तर एक गोष्ट ठळकपणे जाणवते. आगगाडीत त्यांना मिळाले नाही असे दुखणे त्यांना वारंवार मिळाले ते स्टेशनाबाहेर पडल्यावर, म्हणजे जिथे वाहन हाकणारा माणूस आणि प्रवासी यांना समोरासमोर यावे लागते तिथे. रेल्वेच्या इंजिनचालकाला डब्यात कोण बसले आहे याच्याशी कर्तव्य नसते. बैलगाडीवाल्याला आणि टांगेवाल्याला असते, किंवा त्या काळी होते. यातून बाबासाहेबांच्या आयुष्यात एकदा असा प्रसंग आला की त्यांचा जीवच जायचा. तो अपघात आणि त्याची कारणे त्यांनी स्वतः इतक्या नेमकेपणाने लिहून ठेवली आहेत की वाहन चालविणाऱ्या प्रत्येकाने ती आजही समजून घ्यावीत.

त्या अपघाताची पूर्वपीठिका अठ्ठावीस वर्षे आधीची आहे. १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेल्या भीमरावाचे बालपण साताऱ्यात गेले. आई भीमाबाई लवकर गेल्या. वडील सैन्यातून निवृत्त झाल्यावर खटाव तालुक्यात गोरेगाव येथे खजिनदाराच्या नोकरीवर होते. दुष्काळी कामावर तिथे तलाव खणला जात होता. १९०१ च्या सुमारास, उन्हाळ्याच्या सुटीत, वडिलांनी मुलांना तिकडे बोलावले. भीमराव, त्याचा भाऊ आणि मोठ्या बहिणीचे दोन मुलगे असे सगळे नवे कपडे, जरीच्या टोप्या, रेशीमकाठी धोतरे लेवून निघाले. साताऱ्याहून आगगाडीने मसूर स्टेशनावर उतरले तेव्हा संध्याकाळचे पाच वाजले होते. घेण्यास कुणीच आले नव्हते. मुलांनी पाठविलेले पत्र वडिलांच्या हाती पडलेच नव्हते.

चांगल्या कपड्यांतली ही मुले पाहून स्टेशनमास्तर आपुलकीने विचारपूस करू लागला. मुलांनी आपण महार असल्याचे सांगितले आणि त्याचा चेहरा पालटला. स्टेशनाबाहेर भाड्याच्या बैलगाड्या उभ्या होत्या, पण मुले कोण आहेत हे गाडीवानांत पसरले होते आणि दुप्पट भाडे देऊ केले तरी कुणी तयार होईना. अखेर स्टेशनमास्तरानेच तोड काढली. भाडे दुप्पट द्यायचे, गाडी मुलांनीच हाकायची आणि गाडीवान शेजारून पायी चालेल. एका गाडीवानाला ते पटले. विटाळही नाही आणि कमाई दुप्पट!

या तोडग्याचा अर्थ असा की अनोळखी रस्त्यावर, अंधार पडत असताना, बैलांची दोरी जेमतेम दहा वर्षांच्या मुलाच्या आणि त्याच्या भावंडांच्या हाती आली. रस्त्यावर दिवे नव्हते, वर्दळ नव्हती. जवळ खायला होते, पण प्यायला पाणी मिळाले नाही. अंगावर थोडे सोन्याचे दागिने होते, त्यामुळे वाटमारीची धास्ती वेगळीच. रात्र चढल्यावर एक गंमत झाली. विटाळाच्या भीतीने पायी चालणारा तो गाडीवान मुकाट्याने गाडीत चढला आणि मुलांना खेटून बसला. मुलांना नवल वाटले, पण विचारण्याचे धाडस झाले नाही. मध्यरात्रीच्या सुमारास डोंगराच्या पायथ्याशी टोलनाका आला. तिथल्या कारकुनाशी भीमरावाने उर्दूत बोलून आपण मुसलमान असल्याचे भासविले, तरी पाणी मिळाले नाहीच. गाडी उतरती टेकवून, फळ्यांवर अंथरूण घालून त्यांनी रात्र काढली आणि दुसऱ्या दिवशी दुपार होता होता गोरेगाव गाठले.

त्या रात्री अपघात झाला नाही, त्याचे श्रेय बैलांना द्यावे लागेल. बैल मंद चालीचा असतो, मळलेली वाट सहसा सोडत नाही आणि दोरी सैल पडली तर बहुधा चाल मंदावतो. घोड्याचे तसे नसते. हा फरक पुढे कामी यायचा होता.

मधली वर्षे इथे थोडक्यात सांगतो, कारण ती सर्वांना ठाऊक आहेत. एल्फिन्स्टन हायस्कूल, १९०७ साली मॅट्रिक, एल्फिन्स्टन कॉलेजातून पदवी, बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कचे कोलंबिया विद्यापीठ, मग लंडन. शिष्यवृत्तीच्या अटीप्रमाणे १९१७ साली ते पुन्हा वैतरणा ओलांडून बडोद्याला गेले. पुन्हा तेच झाले. स्टेशनावर उतरणे सोपे, पुढे जायचे कुठे हा प्रश्न. हिंदू खाणावळी बंद, म्हणून एका पारशी विश्रामगृहात पारशी नाव लावून राहिले. अकराव्या दिवशी हातात काठ्या घेतलेला पारशांचा घोळका दारात उभा राहिला आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचे फर्मान सुटले. दोन मित्रांकडे आसरा मागितला, तो मिळाला नाही. राजाच्या दरबारातला हा अधिकारी कामाठीबागेत तासन्‌तास बसून राहिला आणि रात्री नऊची गाडी धरून मुंबईला परतला. ती गाडी वैतरणेवरून पुढे गेली तेव्हा उत्तररात्र झाली असावी.

पुढे दहा वर्षांत भीमरावांचे बाबासाहेब झाले. लंडनची डी. एस्‌सी., बॅरिस्टरी, मूकनायक, बहिष्कृत हितकारिणी सभा आणि मार्च १९२७ चा महाडचा चवदार तळ्याचा सत्याग्रह. त्याच वर्षी डिसेंबरात महाडला दुसरी परिषद भरली. मुंबईहून शेकडो कार्यकर्ते घेऊन जायचे होते. नेहमीचा मार्ग धरमतरला बोटीतून उतरून पुढे मोटारबसने जाण्याचा. पण बसवाले ऐनवेळी अडवतील ही शक्यता होती. म्हणून दासगावच्या बंदरापर्यंत बोटीने जायचे आणि तिथून महाडपर्यंतचे पाच मैल मिरवणुकीने पायी चालायचे, असे ठरले आणि तसेच झाले. हा तपशील सत्याग्रहाच्या वर्णनात बहुधा एका ओळीत उरकला जातो. मला मात्र तो महत्त्वाचा वाटतो. पुढच्या रस्त्यावर काय अडचण येईल याचा आधीच विचार करून वाट बदलणे आणि वेळ पडल्यास वाहनाचा हट्ट सोडून पायी चालणे, याला प्रवासातले शहाणपण म्हणतात. दासगावी ते दिसले. दोनच वर्षांनी चाळीसगावी, बाबासाहेबांना न विचारता झालेल्या एका व्यवहारात, ते हरवले.

अस्पृश्य आणि आदिवासी जातींच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करण्यासाठी मुंबई सरकारने १९२८ साली स्टार्ट यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली होती. बाबासाहेब तिचे सभासद होते. इलाखा मोठा, म्हणून सभासदांनी जिल्हे वाटून घेतले. १९२९ साली बाबासाहेब आणि त्यांचे एक सहकारी यांच्याकडे खानदेशचे दोन जिल्हे आले. काम आटोपून मुंबईला परतताना ते चाळीसगावला उतरले, कारण धुळे फाट्यावरच्या एका गावात सवर्णांनी अस्पृश्यांवर बहिष्कार घातला होता आणि त्याची चौकशी करायची होती. चाळीसगावच्या अस्पृश्य मंडळींनी एक रात्र आपल्याकडे राहण्याचा आग्रह धरला. तो मोडवेना. बाबासाहेब धुळ्याच्या गाडीने त्या गावी गेले, चौकशी केली आणि परतीच्या गाडीने चाळीसगावला आले.

स्टेशनावर माणसे वाट पाहत होती. हार घातले गेले. तेव्हाच्या भाषेत महारवाडा म्हणत ती वस्ती स्टेशनापासून सुमारे दोन मैलांवर होती. मध्ये नदी आणि नदीवर फरशी पूल. स्टेशनाबाहेर भाड्याचे टांगे पुष्कळ उभे होते. चालत जाण्यासारखेही अंतर होते. पण कुणी हलेना. जवळजवळ तासभर बाबासाहेब तिष्ठत राहिले आणि कारण त्यांना कुणी सांगेना. मग एक टांगा फलाटाला लागून उभा राहिला. बाबासाहेब बसले. टांग्यात ते आणि हाकणारा असे दोघेच. बाकीची मंडळी जवळच्या वाटेने पायी पुढे निघाली.

दोनशे पावले झाली नसतील तोच टांगा समोरून येणाऱ्या मोटारीवर आदळता आदळता राहिला. रस्त्यावरचा पोलीस मोठ्याने ओरडला, मोटारवाल्याने गाडी मागे घेतली, म्हणून निभावले. रोज भाडे मारणारा माणूस इतका कच्चा कसा, याचे बाबासाहेबांना आश्चर्य वाटले. टांगा तसाच पुढे जात नदीपर्यंत आला.

त्या फरशी पुलाची रचना बाबासाहेबांनी एखाद्या अभियंत्याने टिपावी तशी टिपली आहे. पुलाला कठडे नव्हते. पाच-दहा फुटांच्या अंतराने कडेला फक्त दगड रोवलेले होते. जमीन फरशीची. आणि मुख्य म्हणजे रस्ता व पूल एका रेषेत नव्हते. रस्त्याशी पूल काटकोनात होता, त्यामुळे पुलावर चढण्यासाठी एकदम तीव्र वळण घ्यावे लागे. कडेच्या पहिल्याच दगडापाशी घोडा सरळ जाण्याऐवजी वळला आणि उधळला. टांग्याचे चाक दगडावर इतक्या जोरात आदळले की बाबासाहेब आसनावरून उचलले जाऊन फरशीवर फेकले गेले. घोडा आणि टांगा पुलाखाली नदीत कोसळले. बाबासाहेब बेशुद्ध झाले. पलीकडच्या तीरावर स्वागताला जमलेल्या बायामाणसांनी आकांत केला आणि त्यांना उचलून वस्तीत नेले. अंगाला अनेक ठिकाणी जखमा झाल्या, पायाचे हाड मोडले आणि कित्येक दिवस त्यांना हालचाल करता आली नाही.

आता त्यांच्या मनातला प्रश्न पाहा. दुखण्याच्या भरात त्यांनी हाकणाऱ्याला दोष दिला नाही. त्यांना पडलेला प्रश्न असा होता की या पुलावरून रोज टांगे ये-जा करतात, कधी कुणाला काही होत नाही, मग आजच असे का झाले? चौकशी केली तेव्हा तासाभराच्या खोळंब्याचा उलगडा झाला. अस्पृश्य प्रवाशाला घेऊन टांगा हाकणे कोणत्याही टांगेवाल्याला आपल्या इभ्रतीला साजेसे वाटले नाही. इकडे वस्तीतल्या मंडळींना आपल्या पुढाऱ्याने पायी चालावे हे सहन होईना. दोन्ही बाजूंची प्रतिष्ठा सांभाळणारी तडजोड निघाली. मालकाने टांगा भाड्याने द्यायचा, हाकायचा मात्र नाही. हाकणारा मंडळींनीच शोधायचा. टांगा हाकणे हा त्यांचा धंदाच नव्हता, त्यामुळे ते कुणालाच येत नव्हते. त्यांच्यातलाच एकजण, यात काय मोठेसे, अशा समजुतीने पुढे झाला. लगाम हातात आल्यावर जबाबदारीची जाणीव झाली, तसा तो घाबरला आणि पुलाशी येईपर्यंत त्याने घोड्याला आवरणेच सोडून दिले.

मसूरची तडजोड चाळीसगावी जशीच्या तशी उलटून आली होती. एकीकडे वाहन, दुसरीकडे ते चालविण्याचे कसब, आणि मध्ये जात. फक्त बैलाच्या जागी घोडा होता आणि सपाट वाटेच्या जागी बिनकठड्याचा पूल.

या अपघाताचे पृथक्करण करताना बाबासाहेबांनी स्वकीयांनाही सोडलेले नाही. प्रवाशाच्या मानापेक्षा त्याचा जीव मोलाचा असतो हे त्या मंडळींच्या ध्यानात आले नाही, असे त्यांनी स्पष्टपणे नोंदविले आहे. आपला मान राखण्यासाठी त्यांनी आपले प्राणच पणाला लावले, हे सांगताना त्यांच्या लेखणीत राग नाही, पण सवलतही नाही. आणि मग तितक्याच थंडपणे दुसरी बाजू येते. कसलेही शिक्षण नसलेला टांगेवाला बॅरिस्टर झालेल्या अस्पृश्यापेक्षा स्वतःला श्रेष्ठ समजू शकतो, हे त्या दिवशी आपल्याला कळले, असे ते लिहितात. मला वाटते, आपल्याकडे रस्त्यावरच्या अपघाताचे इतके प्रामाणिक निदान क्वचितच कुणी केले असेल. आपण अपघात झाला की घोड्याला, चालकाला किंवा दैवाला दोष देऊन मोकळे होतो. हा अपघात पुलावर दिसला, पण तो घडायला सुरुवात स्टेशनावरच्या तासाभराच्या घासाघिशीतच झाली होती.

टांग्याच्या त्या दोन मैलांत धोका टाळण्याच्या संधी एकाहून अधिक वेळा येऊन गेल्या. पहिली स्टेशनावर. हाकता न येणाऱ्याने लगाम हाती घेऊ नये, ही गोष्ट त्या काळीही काही नवी नव्हती. १९१४ च्या कायद्याने मोटार चालविणाऱ्याला परवाना सक्तीचा झालेला होता. घोड्याचे वाहन सोपे, ते कुणालाही येते, हा समज मात्र सर्वत्र होता. दुसरी संधी मोटारीशी टक्कर टळली तेव्हा. असा प्रसंग थोडक्यात निभावला की चालकाचे हात कापत असतात, छाती धडधडत असते आणि घोडाही बिथरलेला असतो. अशा वेळी वाहन कडेला घेऊन दहा मिनिटे थांबणे हाच उपाय. अनुभवी माणसे आजही हेच सांगतात आणि घाईत असलेली माणसे आजही ते ऐकत नाहीत. तिसरी संधी पुलाच्या तोंडाशी. वळण तीव्र असेल तर वेग वळणाच्या आधी कमी करायचा असतो, वळणात शिरल्यावर नव्हे; हा नियम टांग्याला लागू होता तसाच ट्रकलाही आहे. आणि खात्रीच नसेल तर खाली उतरून घोड्याला तोंडाशी धरून चालवत पलीकडे न्यायचे, प्रवाशालाही चार पावले चालू द्यायचे. पण प्रवाशाला चालावे लागू नये यासाठीच तर सगळा खटाटोप होता! भेदरलेल्या नवशिक्याने केले ते अगदी उलट. संकटात त्याने लगाम सोडला. आजचा नवशिका घसरड्या रस्त्यावर स्टिअरिंग सोडून डोळे मिटतो किंवा ब्रेकवर सर्व भार देऊन मोकळा होतो, त्यातलाच हा प्रकार.

रस्त्याचा दोषही कमी नव्हता. रस्ता आणि पूल जिथे एकमेकांना भेटतात तो सांधा नेहमीच घातक. रुंदी बदलते, दिशा बदलते, कडेला दगड किंवा भिंत उभी असते आणि वाहनाला चुकण्यासाठी जागाच उरत नाही. वैतरणेच्या खोऱ्यातून जाणाऱ्या मुंबई–अहमदाबाद महामार्गावर याचा दाहक प्रत्यय ४ सप्टेंबर २०२२ रोजी आला. वैतरणेला मिळणाऱ्या सूर्या नदीच्या पुलावर, चारोटीजवळ, तीन मार्गिकांचा रस्ता दोन मार्गिकांचा होतो त्या ठिकाणी उद्योगपती सायरस मिस्त्री यांची मोटार पुलाच्या भिंतीवर आदळली. मागच्या आसनावर पट्टा न लावता बसलेले मिस्त्री आणि त्यांचे सहप्रवासी जागीच गेले. पुढचे दोघे गंभीर जखमी झाले, पण वाचले. चाळीसगावच्या टांग्यात आणि अत्याधुनिक जर्मन मोटारीत त्र्याण्णव वर्षांचे अंतर आहे. पण वाहन एकाएकी थांबले तरी आतले शरीर त्याच वेगाने पुढे जाते, या नियमाला अंतर नाही. १९२९ साली टांग्यात बांधून घेण्याची सोयच नव्हती. २०२२ साली पट्टा आसनाशेजारी होता. मागे बसणाऱ्यालाही तो कायद्याने बंधनकारक होताच. त्या अपघातानंतर मुंबई पोलिसांनी मोटारीतल्या सर्वांसाठी त्याची अंमलबजावणी कडक करण्याचे जाहीर केले.

पायाचे हाड सांधले आणि बाबासाहेब पुन्हा रस्त्यावर आले. २ मार्च १९३० रोजी नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, त्याच महिन्यात स्टार्ट समितीचा अहवाल आला आणि वर्ष सरता सरता ते लंडनच्या गोलमेज परिषदेत होते. १९३५ ची येवल्याची घोषणा, १९४२ पासून व्हाइसरॉयच्या मंडळातील मजूर खाते, १९४७ नंतर कायदामंत्रिपद आणि मसुदा समितीचे अध्यक्षपद. हा आलेख इथे विस्ताराने सांगण्याची गरज नाही. एका कलमापाशी मात्र थांबले पाहिजे. संविधानाच्या पंधराव्या कलमात, धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान यावरून कुणाला कोणत्या गोष्टींपासून अडविता येणार नाही याची यादी आहे. दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तलाव, स्नानघाट यांच्या जोडीला त्या यादीत रस्तेही आहेत. विहिरी आणि तलाव म्हटले की आपल्याला महाड आठवते. रस्ते हा शब्द वाचताना मसूर आणि चाळीसगाव आठवायला हरकत नाही.

रस्ता खुला झाला तरी त्यावरचे वाहन खुले होतेच असे नाही. १९२३ साली मुंबई कायदेमंडळात रावबहादूर बोले यांचा ठराव मंजूर झाला तेव्हा सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा, कचेऱ्या, दवाखाने यांचा उल्लेख झाला होता. भाड्याचा टांगा कुणाच्या खिजगणतीत नव्हता. ती उणीव १९५५ च्या अस्पृश्यता गुन्हे कायद्याने भरून काढली. सार्वजनिक वाहन वापरण्यास अस्पृश्यतेच्या कारणावरून मज्जाव करणे हा १ जून १९५५ पासून शिक्षापात्र गुन्हा झाला. हाच कायदा पुढे १९७६ पासून नागरी हक्क संरक्षण कायदा या नावाने ओळखला जाऊ लागला. मसूरच्या गाडीवानाने आणि चाळीसगावच्या टांगेवाल्यांनी जे केले ते आता नुसती रूढी राहिली नव्हती. त्यानंतर दीड वर्षाने, ६ डिसेंबर १९५६ रोजी, बाबासाहेबांचे दिल्लीत निर्वाण झाले.

मसूर, बडोदे आणि चाळीसगावच्या या हकिगती बाबासाहेबांनी इंग्रजीत स्वहस्ते लिहून ठेवल्या होत्या. परदेशी माणसाला अस्पृश्यता म्हणजे काय हे समजावे, असा त्यामागचा हेतू होता. त्यांच्या हयातीत त्या छापल्या गेल्या नाहीत. १९९० साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीने वेटिंग फॉर अ व्हिसा या नावाने ती छोटी पुस्तिका प्रसिद्ध केली आणि पुढे कोलंबिया विद्यापीठात, जिथे ते स्वतः शिकले होते, ती विद्यार्थ्यांच्या अभ्यासात आली. चाळीसगावच्या टांग्याचा लगाम ज्याच्या हाती होता त्या माणसाचे नाव बाबासाहेबांनी त्यात कुठेही लिहिलेले नाही.